आईंचा उजवा हात

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत. सासूबाई तिळाच्या वड्या थापत होत्या आणि हातातली वाटी एकदम निसटली. वाटलं, तुपाचा हात असेल. मग बोलणं अडखळायला लागलं, तोंड वाकडं झालं. ‘थकल्यात, जरा पडू दे’ म्हणण्यात आमची दुपार गेली. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला नंतर समजलं. मैत्रिणींनो, तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा.

उजवं अंग गेलं. खरं तर हाताला काहीच झालं नव्हतं, बिघाड मेंदूच्या डाव्या भागात. डावा भाग उजव्या अंगाला हुकूम सोडतो, उजवा डाव्याला. हुकूम सोडणाऱ्या पेशीच मेल्या, की धडधाकट हातही गप्प बसतो.

घरी आणल्यावर मी कंबर कसली. भरवणं, वेणी घालणं, पदर सारखा करणं, सगळं मीच. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, ‘सून असावी तर अशी!’ खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. (पारव्याचं रक्त चोळा म्हणणाऱ्याही आल्या. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.)

तिसऱ्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, माझ्या लेकीच्या वयाची. आईंचं मनगट, बोटं थोडी हलत होती. ‘‘मग जेवताना हा हात का नाही वापरत?’’

‘‘मी आहे ना भरवायला!’’

‘‘काकू, तिथंच तर घोळ आहे.’’

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी त्यांचं काम शिकून घेऊ शकतात. एक जाऊ आजारी पडली की बाकीच्या तिची कामं उचलतात ना, तसंच. मात्र काम समोर यायला हवं. हात वापरलाच नाही, तर न वापरण्याचीच सवय लागते. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातल्या एडवर्ड टॉब यांनी हे ओळखलं आणि उपाय काढला, चांगला हातच बांधून ठेवायचा! अमेरिकेतल्या 222 रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. दोन आठवडे चांगल्या हातात जाड मोजा आणि लुळ्या हाताकडून रोज कित्येक तास सराव. वर्षानंतरही फरक टिकून होता. बोटं थोडी तरी हलत असतील, त्यांच्यासाठीच हा उपाय.

आम्हाला तेवढं झेपणार नव्हतं. तिच्या सांगण्यावरून जुन्या टॉवेलची पिशवी शिवून आईंच्या डाव्या हातात घातली. रोज दोनदा तासभर, बसल्या जागीच. चालताना तोल सावरायला तो हात मोकळा हवा. समोर मटारच्या शेंगा, नाहीतर परातीत शेंगदाणे. आई चिडायच्या, रडायच्या. एकदा परातच ढकलून दिली. नणंदबाई आल्या होत्या, म्हणाल्या, ‘‘वहिनी, आजारी माणसाला राबवतेस?’’ मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्या रात्री पुन्हा भरवलं. सकाळी पिशवी पुन्हा बांधली.

चौथ्या महिन्यात त्यांनी चमच्यानं वरणभात खाल्ला. निम्मा लुगड्यावर.

ब्लाउजचे हुक अजून लागत नाहीत. वड्या आता मीच थापते, पण गेल्या संक्रांतीला सुरी त्यांनी मागून घेतली. सगळ्या वड्या वाकड्या पडल्या. नणंदबाईंनी त्यातल्याच डबाभर नेल्या.