रक्ताच्या गोष्टी (भाग ९) : फ्रिजबाहेरची पिशवी

डेंग्यूच्या दिवसांत रक्तपेढीच्या खिडकीशी हमखास दिसणारा माणूस म्हणजे पेशंटचा मेहुणा. घामाघूम, हातात थर्माकोलचा डबा, डब्यात काठोकाठ बर्फ. दूध, आइस्क्रीम, लस सगळं गारच न्यायचं असतं, मग हेही तसंच, असा त्याचा साधा हिशोब. खिडकीतल्या ताई आधी त्याला बर्फ ओतून यायला सांगतात. ‘‘दादा, ह्या प्लेटलेट आहेत. बर्फ नको.’’

आत गेलं की हा भेद डोळ्यांनी दिसतो. मागच्या भागातल्या लाल पेशी फ्रिजमध्ये 2 ते 6 अंशांवर महिनाभराहून जास्त टिकतात. प्लेटलेटच्या पिवळसर पिशव्या मात्र 22 अंशांच्या आसपास, एका कपाटातल्या ट्रेवर, पाळण्यासारख्या संथ हलत असतात. पिशवीच्या प्लास्टिकमधून हवा आत-बाहेर होते. हलणं थांबलं तर आतल्या प्लेटलेटना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आम्ल साचतं. तंत्रज्ञ एखादी पिशवी उजेडासमोर धरून हलकेच फिरवतात. आत रेशमी कापडावर सरकावी तशी झिलई उठली की माल चांगला. प्लेटलेट चपट्या चकतीच्या आकाराच्या आहेत, तोवरच ही झिलई दिसते. गोल झाल्या की पिशवी नुसती गढूळ.

आणि थंडीत त्या गोलच होतात, वर काटेही फुटतात. साठच्या दशकापर्यंत रक्तातलं जे काही असेल ते फ्रिजमध्ये, असाच रिवाज होता. फिलाडेल्फियाच्या स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी प्लेटलेटना किरणोत्सारी खूण लावून त्या निरोगी माणसांच्या शिरेत परत सोडल्या. फ्रिजमधल्या झपाट्याने नाहीशा झाल्या, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या कितीतरी जास्त दिवस फिरत राहिल्या. 1969 साली हे छापून आलं आणि जगभरच्या प्लेटलेट फ्रिजबाहेर आल्या.

नाहीशा होऊन जातात कुठे, हे कळायला आणखी तीन दशकं गेली. 2003 साली बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की गारठलेल्या प्लेटलेटच्या अंगावरचे काही रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात. यकृतातल्या भक्षक पेशी ते गठ्ठे ओळखतात आणि प्लेटलेट गिळून टाकतात. त्यांचा तर्क मला फार आवडतो. हातापायांची कातडी शरीराच्या गाभ्यापेक्षा गार असते, आणि खरचटतं, कापतं तेही तिथेच. तेव्हा गारव्यात प्लेटलेट कामाला तयार होत असेल, तर ती सोय म्हणायची. आपण सगळीच पिशवी गार करतो म्हणून बिघडतं.

खोलीच्या तापमानाची किंमतही आहे. 22 अंश प्लेटलेटना मानवतात तसे जंतूंनाही मानवतात. म्हणून आपल्याकडे या पिशवीचं आयुष्य पाच दिवस. त्यातले एक-दोन तपासण्यांतच जातात. जोडून सुट्ट्या आल्या आणि रक्तदाते गावाला गेले, की कपाट रिकामं.

गंमत म्हणजे फ्रिज आता परत येतो आहे. गार प्लेटलेट फार काळ फिरत नाहीत, पण रक्त थांबवायला चटकन धावतात. अपघातात किंवा युद्धात रक्त वाहत असलेल्या माणसाला आठवडाभर फिरणारी प्लेटलेट काय करायची आहे? त्याला पुढचा तास हवा असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये अशा रक्तस्रावासाठी फ्रिजमधल्या प्लेटलेट 14 दिवसांपर्यंत वापरायची वाट मोकळी केली, अर्थात इतर प्लेटलेट मिळत नसतील किंवा देणं सोयीचं नसेल तेव्हा. डेंग्यूच्या पेशंटला मात्र सहसा अंगात टिकणाऱ्याच प्लेटलेट लागतात. मेहुण्याचा बर्फ बेसिनमध्येच जाणार.

पुढच्या आठवड्यात : 1950 साली सेंट लुईसमधल्या एका तरुण डॉक्टरने प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं, त्याची हकिगत.