दोन तारांवरचे विमान

आकाशातील विमानाची कसरत सर्वांनी पाहिलेली असते. परंतु ती जमिनीवर उभे राहून स्वतःच्या मुठीने घडविता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. तारनियंत्रित विमान-नमुन्यांच्या कसरत-स्पर्धा याच तत्त्वावर होतात. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेने विमान-नमुन्यांच्या विद्येला प्रशिक्षणात स्थान दिले. ही शाखा १९५० मध्ये मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाली.

या विमानाची रचना साधी असते. चालक वर्तुळाच्या मध्यभागी मूठ धरून उभा राहतो. मुठीपासून निघालेल्या पोलादी तारांची जोडी विमानातील एका तरफेला जोडलेली असते. मूठ कलविली की एक तार ओढली जाते, तरफ फिरते आणि तिच्या दांडीमुळे शेपटीवरील पट्टा वर किंवा खाली होतो. त्यानुसार विमान चढते अथवा उतरते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तारांची लांबी १५ ते २१.५ मीटर असावी लागते. सात मिनिटांत उड्डाण, ठराविक क्रमाच्या आकृत्या व उतरणे पूर्ण करावयाचे असते. त्यांत गोल व चौकोनी गिरक्या, उलटे उड्डाण, आडवे व उभे आठ आणि चार पाकळ्यांचे फूल यांचा समावेश असतो. पंच आकृतीच्या रेखीवपणास गुण देतात व ते तिच्या अवघडपणानुसार गुणिले जातात.

यामागील गणित शाळेच्या पाठ्यक्रमाबाहेरचे नाही. दीड किलोग्रॅमचे विमान २० मीटरच्या तारांवर साडेपाच सेकंदांत एक फेरी घेते, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ८२ किलोमीटर असतो आणि हातावर सुमारे ४ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ पडते. विमान डोक्यावर आले की गुरुत्वाकर्षण ही ओढ कमी करते. तार सैल पडली तर नियंत्रण सुटते. म्हणून बाहेरील पंखाच्या टोकास थोडे वजन बसवितात. उड्डाणापूर्वी तारांची विमानाच्या वजनाच्या दहापट ओढीने चाचणी घेतात व मुठीचा पट्टा मनगटाला बांधतात.

चिपळूण तालुक्यातील अलोरे येथे कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह असून त्यात प्रत्येकी ८० मेगावॅटचे चार संच आहेत. अशा परिसरात शाळेने हा उपक्रम हाती घ्यावयाचा झाल्यास मैदानाची निवड हीच पहिली परीक्षा ठरेल. डोंगराळ कोकणात सपाट जागा मोजकी. आणि सपाट असली, तरी तिच्यावरून वीजवाहिनी जात असल्यास ती वर्ज्यच होय. पोलादी तार ही उत्तम विद्युतवाहक असते. उच्चदाब वाहिनीस तिचा स्पर्श न होताही ठिणगी झेप घेऊ शकते आणि चालकाच्या प्राणावर बेतते. अमेरिकेतील सुरक्षासंहितेत वाहिनीपासून किमान ५० फूट अंतर सांगितलेले आहे. शाळेने त्याहून अधिक ठेवणे शहाणपणाचे. आकाशात विजा चमकत असताना उड्डाण करू नये आणि प्रेक्षकांना वर्तुळाबाहेर दूर थांबवावे.

ग्रामपंचायत जागा देताना, शिक्षक परवानगी देताना आणि अधिकारी पाहणी करताना ‘वर काय आहे?’ हा एक प्रश्न विचारतील, तर मुलांच्या हाती विज्ञानही सुरक्षितपणे येईल.