चिंताविकारावरील उपचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काळजी करणे हा ज्याचा त्याचा स्वभाव, त्यावर औषध कसले, हा समज घरोघरी पक्का आहे. परंतु परीक्षेची किंवा कर्जाच्या हप्त्याची काळजी कारण संपताच ओसरते, तर चिंताविकारात ती प्रमाणाबाहेर वाढून झोप, पचन व कामकाज बिघडवते. एका विषयावरून दुसऱ्यावर सरकणारी, आवरता न येणारी अशी काळजी सहा महिने बहुतेक दिवस टिकली, तर 'सर्वव्यापी चिंताविकारा'चा विचार केला जातो.

आजार मनाचा म्हणून शरीराच्या तक्रारी खोट्या, असे मानणे तर रुग्णावर अन्यायच आहे. धडधड, छातीत दाटून येणे, हातापायांना मुंग्या ही लक्षणे खरी असतात. ईसीजी 'नॉर्मल' आला, थायरॉइडची तपासणीही निर्दोष निघाली, की 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते आणि ज्या क्षणी मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवे, नेमका तेव्हाच शोध थांबतो.

गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत, ही भीती मात्र पूर्णपणे निराधार नाही. ती सरसकट सर्व औषधांना लावली जाते, एवढेच. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या तत्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय खरोखरच लागू शकते, म्हणून त्या थोड्या काळापुरत्या आणि देखरेखीखाली घ्यायच्या असतात. याउलट मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कार्यावर परिणाम करणाऱ्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ किंवा बेचैनी जाणवू शकते, आणि याच टप्प्यावर अनेक जण 'औषध मानवले नाही' म्हणून ते सोडून देतात. बरे वाटल्यावरही ते साधारण 6 ते 12 महिने चालू ठेवून, मग एकदम न तोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केले जाते. भीतीला खतपाणी घालणारे विचार तपासून टाळलेल्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धतीही परिणामकारक असून अनेकांना ती औषधांविना पुरते.

तरीही निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 12 राज्यांत केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विविध मानसिक विकारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. तज्ज्ञांची टंचाई आणि खर्च ही कारणे आहेतच, शिवाय 'लग्न जमणार नाही', 'नोकरीत कळेल' ही धास्तीही आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क मानतो आणि विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देण्यास बांधील करतो. 2022 पासून 14416 या 'टेलि-मानस' क्रमांकावर मराठीतूनही मोफत समुपदेशन मिळते.