अर्धशक्ति व्यायाम

जानेवारींत आमचा पुतण्या मुंबईची मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची दौड, पुरी करून पुरुषोत्तमनगरास आला, तो गळ्यांत पदक आणि अंगांत ताप घेऊनच. चौथ्या दिवशीं खोकला छातींत उतरला. "भावजी, तुम्हीच त्याला सांगा, हें धावणें आतां पुरें झालें," असें वहिनींनीं आम्हांस बजावलें. आम्ही पडलों संस्कृताचे जुने पंतोजी. तथापि वडीलकीमुळें निकाल आमच्याकडे आला, आणि निकालापूर्वीं ग्रंथ चाळणें ही आमची जुनी खोड.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत अतिव्यायामाचे परिणाम सांगतांना तहान, धाप, रक्तपित्त यांबरोबर खोकला आणि ज्वर यांचींही नांवें घेतलीं आहेत. वहिनींचा पक्ष बळावला! परंतु बलवान् व स्निग्ध अन्न सेवन करणाऱ्या मनुष्यानें थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, असेंही तेथेंच सांगितलें आहे. ही अर्धी शक्ति ओळखावी कशी? सुश्रुताची खूण अशी कीं, व्यायाम करतां करतां हृदयींचा वायु तोंडाशीं आला, म्हणजे तोंडानें श्वास घ्यावा लागला, कीं अर्धें बळ खर्च झालें. आजचे डॉक्टर मध्यम व्यायामाची जी कसोटी सांगतात, ती हिची सख्खी बहीणच शोभेल: चालतांना बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये.

आधुनिक शोधकांनीं हा प्रश्न धावणाऱ्यांपासूनच हातीं घेतला. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें, केपटाऊनची ५६ किलोमीटरांची शर्यत धावलेल्यांपैकीं एकतृतीयांश लोकांस पुढील दोन आठवड्यांत सर्दीखोकल्यानें गांठलें. त्यांच्याच घरांतील न धावणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा सुमारें १५ होतें. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांस आढळलें कीं, धावलेल्यांपैकीं शेंकडा १३ जण आठवड्याभरांत आजारी पडले. तयारी करूनही शर्यतींत न उतरलेल्यांत मात्र शेंकडा दोनच. दीर्घ श्रमानंतर एकदोन तासांत रक्तांतील लिंफोसाइट या रक्षक पेशींची संख्या घटते, हेंही दिसलें होतें. तेव्हां व्याधिक्षमत्वास (हा शब्द चरकसंहितेंतीलच) कांहीं काळ खिंडार पडतें, असें अनुमान निघालें.

यावर २०१८ सालीं इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाच्या कॅम्बेल व टर्नर यांनीं आक्षेप घेतला. त्यांच्या मतें या पेशी नाश पावत नाहींत. रक्त सोडून त्या फुफ्फुसें, आंतडीं अशा ठिकाणीं जातात. चौकींत शिपाई दिसला नाहीं म्हणून तो मेला असें थोडेंच? गस्तीवर गेला असेल! धावपटूंच्या आजाराचीं कारणें गर्दी, प्रवास, अपुरी झोप यांतही शोधावीं, असें ते म्हणतात. वाद अद्याप मिटलेला नाहीं.

आम्हीं मग पुतण्याची उलटतपासणी घेतली. शर्यतीआधींच्या दोन रात्री, एक बसमध्यें आणि एक मित्राच्या खोलीवर, त्यास धड झोप नव्हती; परततांना पुन्हां रात्रीची बस. मग दोष एकट्या पायांसच कां द्यावा?

शिवाय नियमित व्यायामाच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. नीमन यांनींच १००२ माणसांवर बारा आठवडे लक्ष ठेविलें (२०११). आठवड्यांतून पांच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांस, क्वचित् करणाऱ्यांपेक्षां, सर्दीपडशाचे दिवस शेंकडा ४३ नीं कमी भोगावे लागले. २०१८ च्या एका ब्रिटिश संशोधनांत ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलपटूंच्या रक्तांत नव्या टी-पेशी तरुणांइतक्याच आढळल्या. साठी उलटलेल्या आमच्यासारख्यांनीं हें दोनदां वाचावें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. थंडींत आमच्या शहादे तालुक्यांत ऊसतोडीच्या टोळ्या उजाडण्यापूर्वींच कोयता घेऊन फडांत उतरतात आणि डोक्यावर मोळ्या वाहतात. अर्ध्या शक्तीवर थांबण्याची मुभा त्यांस कोण देणार? स्निग्ध अन्नाची अट तर दूरच. त्यांच्या श्रमांस व्यायाम म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

घरचा निकाल आम्हीं असा दिला: ज्वर उतरेपर्यंत बूट पायांत घालावयाचे नाहींत, नंतर आठवडाभर केवळ चालणें, आणि पुढील शर्यतीस जाणें झाल्यास दोन दिवस आधीं जाऊन पुरी झोप घेणें. वहिनींस तो अर्धाच मान्य झाला. आठ दिवसांनीं पुतण्या कारखान्याच्या रस्त्यानें फिरून आला, तेव्हां त्या फाटकाशींच उभ्या होत्या, आणि त्याचें तोंड मिटलेलें आहे ना, हें निरखून पाहत होत्या.