तुंगच्या पायथ्याचं पाणी

लोणावळ्यातून भुशी धरण, आयएनएस शिवाजी, लायन्स पॉइंट असं एकेक मागे टाकत गेलं की घुसळखांबचा फाटा लागतो. सरळ गेलात तर अ‍ॅम्बी व्हॅली, डावीकडे वळलात तर तुंग. पूर्वी इथे डावीकडे वळणारा माणूस एक तर त्या बाजूच्या गावचा असे, नाही तर पाठीवर सॅक लादलेला ट्रेकर. आता शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या पासिंगच्या मोठ्या गाड्या इंडिकेटर देऊन वळताना दिसतात. त्यांना गड चढायचा नसतो. गडाच्या पायथ्याशी, पवनेच्या पाण्यालगत, झाडीत दडलेला एखादा बंगला त्यांनी दोन रात्रींसाठी घेतलेला असतो.

असल्या बंगल्यांचा एक ठरावीक साचा आता तयार झाला आहे. शेवटचा टप्पा मुद्दाम कच्चा ठेवलेला. फाटकाबाहेर पाटी नाही, असलीच तर हाताएवढी. आत शिरल्यावर जांभा किंवा काळ्या दगडाच्या भिंती, पाण्याकडे तोंड करून लांबलचक व्हरांडा, छपरावर सौर पॅनेल, खाली पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. शेजार नाही, दुकान नाही, रात्री दिवा दिसला तर तो आपलाच. राखण करणारं जोडपं जवळच्या वाडीतलं. ताई चुलीवर भाकऱ्या थापतात, दादा जनरेटर आणि फाटक सांभाळतात. मालक वर्षातून किती वेळा येतो हे त्यांना विचारलं तर ते हसून विषय बदलतात.

जागा देखणी आहे यात वादच नाही. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार किल्ल्यांच्या मधल्या खोऱ्यात पवनेचं पाणी पसरलेलं आहे. तुंग जेमतेम १,०७५ मीटर उंचीचा, पण सुळक्यासारखा एकटा उभा. त्याच्या माथ्यावरून पाहिलं तर तीन बाजूंना पाणी दिसतं आणि आपण बेटावरच उभे आहोत असं वाटतं. तसा तो बेट नाही. घुसळखांबच्या बाजूने जमिनीशी जोडलेला आहे. पाण्याचे फाटे डोंगरांच्या घळींत इतके आत शिरलेत की समोरासमोरच्या दोन गावांना रस्त्याने गाठायचं तर सगळा जलाशय वळसा घालून जावं लागतं. मधून मधून टेकाडांचे माथे पाण्याबाहेर राहिलेले दिसतात, ती खरी बेटं. ती मात्र विकत मिळत नाहीत. बुडीत रेषेच्या आतली जमीन जलसंपदा विभागाची. कोणी दलाल ‘आयलंड प्लॉट’ दाखवू लागला तर आधी सातबारा मागावा.

हा एकांत निसर्गाने दिलेला नाही, हे इथे येणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं. पवना ही लोणावळ्याच्या दक्षिणेच्या डोंगरांत उगम पावून दापोडीला मुळेला मिळणारी नदी. तिच्या वरच्या खोऱ्याला पवन मावळ म्हणतात. अंदर मावळ आणि नाणे मावळ ही त्याची भावंडं. भाताची खाचरं, नदीकाठच्या वाड्या, या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा असं हे नांदतं खोरं होतं. १९६०च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि सत्तरीच्या सुरुवातीला पाणी अडलं. साठा साडेआठ टीएमसीच्या आसपास. खाचरं, वाटा, देवळं सगळं खाली गेलं. वर उरले ते डोंगरउतार आणि त्यांच्यावरचं रान. पूर्वी जे गावाचं माळरान होतं, ते रातोरात पाण्याच्या काठी आलं आणि रस्त्यापासून तुटलं. आज ज्याला निवांतपणा म्हणून भाडं मोजलं जातं, त्याचा जन्म या तुटण्यात आहे.

ज्यांची जमीन गेली त्यांचा हिशेब अजून मिटलेला नाही. जमिनी गेलेले खातेदार १,२०३. त्यांतल्या ३४० जणांना बदली जमीन मिळाली, ८६३ जण राहिले. धरणाजवळच्या पवनानगरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर धरणग्रस्तांचा विषय काढा, हा ८६३चा आकडा आपोआप पुढे येतो. आता तिसरी पिढी तो सांगते आहे. त्याच पिढीतली काही मुलं काठावरच्या बंगल्यांत वेटर आहेत, काहींनी स्वतः तंबू टाकलेत, तर काही जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थ आहेत. त्यांना या धंद्याचा राग आहे असं समजण्याचं कारण नाही. धरणाने जे घेतलं त्यातलं थोडंफार पर्यटन परत देतंय, असंच त्यांच्यातले बरेच जण मानतात आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही.

रस्ते सुधारण्याआधी इथली खरी वाहतूक लाँचची. जुन्या ट्रेकरांना तिकोना-तुंगची ती जोडयात्रा आठवत असेल. तिकोनापेठेतून गड करायचा, उतरून ब्राह्मणोली गाठायची, लाँचने पलीकडे केवऱ्याला जायचं आणि तिथून चालत तुंगवाडी. लाँचमध्ये माणसं, बकऱ्या, तांदळाची पोती आणि शाळेची पोरं एकत्र. चुकली लाँच की मुक्काम. तेव्हा त्याला कोणी आडबाजूची चैन म्हणत नव्हतं. बाळंतपणाची वेळ आली तर काय, हा प्रश्न काठावरच्या घराघरांत होता.

आता विजेबद्दल. ‘ऑफ-ग्रिड’ हा या बंगल्यांचा लाडका शब्द, म्हणजे महावितरणची तार नाही, सगळं सूर्यावर. कागदावर हे चोख दिसतं. पाच किलोवॉटची पॅनेल लावली तर स्वच्छ उन्हात दिवसाला वीसेक युनिट मिळतात. दिवे, पंखे, फ्रीज, पाण्याचा पंप हे त्यात आरामात बसतं. पण दोन रात्रींचे हजारो रुपये मोजणारा पाहुणा पंख्यावर झोपत नाही. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो. असे तीन एसी रात्रभर चालले की दिवसाची सगळी कमाई पहाटेच्या आत संपते. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरचा पंप वेगळाच. त्यात लोणावळ्याचा पाऊस, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि पॅनेल नावापुरती उरतात. मग घराच्या मागच्या बाजूला, पाहुण्यांना दिसणार नाही अशा पत्र्याच्या खोलीत जायचं.

ही बॅटरीची खोली मालकापेक्षा राखणदाराची. भिंतीलगत लाकडी फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग, टोकांवर पांढरट हिरवी बुरशी, कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन, दाराच्या मागे खडूने लिहिलेल्या तारखा. पाणी कधी भरलं याची ती नोंद. पलीकडे डिझेल जनरेटर. त्याचा आवाज पाण्यावरून थेट समोरच्या काठापर्यंत जातो, पण बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यात फारसा येत नाही, कारण बांधणाराने तेवढा विचार केलेला असतो. नवीन बंगल्यांत लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत, त्यांना पाणी लागत नाही. डिझेलचा खर्च तेवढ्याने थांबलाय असं मात्र नाही.

विजेवाचूनची ही हौस नेमकी मावळात फुलावी ही गंमत आहे. देशातल्या पहिल्या मोठ्या जलविद्युत योजनांपैकी एक इथेच उभी राहिली. जमशेटजी टाटांनी पाहिलेलं हे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर आकाराला आलं. १९११च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचं पाणी घाटाच्या कड्यावरून नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. पूर्वेकडे भीमेला जाणारं पाणी पश्चिमेकडे कोकणात वळवलं ते तेव्हा. पुढे अंदर मावळात ठोकरवाडीचं धरण झालं, त्याच्या पाण्यावर १९२२ला भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९२१पासून सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. १९२७ला त्याच्या पाण्यावर भिऱ्याचं वीजघर चालू झालं. मुंबई उजळली. आणि ज्या डोंगरांवरून हे पाणी जातं त्यांतलं राजमाचीचं उढेवाडी गाव, लोणावळ्यापासून फार लांब नसूनही, कंदिलावर आणि नंतर सौर दिव्यांवर कित्येक वर्षं राहिलं. तिथल्या म्हाताऱ्यांना ‘ऑफ-ग्रिड’ म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही.

बंगल्यांच्या जाहिरातीतला दुसरा शब्द ‘लेक-टच’. ऑगस्ट-सप्टेंबरात तो खरा असतो. धरण भरलेलं, पाणी पायऱ्यांना लागलेलं, समोर तुंगचा सुळका ढगात. फोटो याच दिवसांतले. पण पवना धरण काही बंगल्यांसाठी बांधलेलं नाही. पिंपरी-चिंचवड या पाण्यावर जगतं. रावेतच्या बंधाऱ्यातून रोज पाचशे दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी शहरासाठी उचललं जातं. त्याशिवाय मावळातली शेती आहे आणि धरणाच्या पायथ्याचं १० मेगावॉटचं वीजघर आहे. दिवाळी उलटली की पाणी उतरू लागतं. एप्रिलपर्यंत पायऱ्यांपुढे आधी खडक, मग गाळ, मग भेगाळलेली जमीन असं उघडं पडत जातं आणि मे महिन्यात पाहुण्यांना पाण्याला हात लावायचा तर उन्हातून चांगलंच चालावं लागतं. याच दिवसांत वाघेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ पाण्याबाहेर येतं. दगडी चिरे, पडझड झालेला मंडप, अवतीभवती चिखल. गावकरी येतात, पूजा करतात. माझ्या मते पवनेचा काठ पाहायची खरी वेळ हीच. पण तेव्हा बंगल्यांचं भाडं उतरलेलं असतं, यावरून बाजाराचं मत वेगळं दिसतं.

पाणी उतरल्यावर उघडी पडणारी ही पट्टी म्हणजे गाळपेराची जमीन. सरकारी नियमाप्रमाणे ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने कसायला दिली जाते आणि त्यात धरणग्रस्तांचा हक्क आधी. राज्यातल्या अनेक धरणांच्या काठी गहू, हरभरा, भाजीपाला असाच पिकतो. पवनेकाठी आता भाजीपेक्षा तंबूंचं पीक जोरात आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शनिवारच्या तंबूमुक्कामाची अशी लाट आली की रविवारी सकाळी काठाकाठाने रंगीत घुमट दिसतात. रात्रीचं जेवण, शेकोटी, गाणी आणि सकाळचे पोहे मिळून माणशी हजार-दीड हजार. आवाजाच्या तक्रारी होतात, दर पावसाळ्यात बुडून मृत्यू होतात, पोलीस फलक लावतात. बंगलेवाले तंबूवाल्यांना नाकं मुरडतात. पण सांडपाण्याचा हिशेब मांडला तर दोघांनाही नाक मुरडायचा अधिकार नाही. इथे गटारयोजना नाही; शोषखड्डा आहे तो आपापला, आणि नसला तर उतार पाण्याकडेच आहे. काठावर आंघोळ करून कोणी जे सोडतो, ते शुद्धीकरण केंद्रातून फिरून पिंपरी-चिंचवडला, निगडीच्या नळाला येतं. त्या नळालाही २०१९च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआडच पाणी आहे.

या पाण्यावरून रक्तही सांडलं आहे. धरणातून बंद नळाने थेट निगडीला पाणी न्यायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले, त्यांत एक महिला होती. योजना वर्षानुवर्षं रखडली. इन्फिनिटी पूल नावाचा प्रकार पवनेच्या काठी पाहिला की मला हटकून हे आठवतं. समोर साडेआठ टीएमसी पाणी, आणि कठड्याच्या आत टँकरने आणलेलं निळं पाणी वेगळं.

राहायचंच असेल तर बंगला घ्यावा की घेऊ नये, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. तुंगवाडीत आणि तिकोनापेठेत घरगुती सोय होते. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर पिठलं-भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा गरम भात मिळतो. हा तांदूळ मावळचाच, आणि ओल्या हवेत शिजताना त्याचा वास घरभर फिरतो. मे सरताना, पहिल्या सरीच्या आसपास, काठच्या झाडांवर काजवे लागतात. ते पाहायचे तर मोबाइलचा दिवा बंद ठेवावा लागतो. बंगल्यांच्या बागेतल्या हॅलोजनखाली ते येत नाहीत.

तुंग चढायला पाऊण तास पुरतो. वाट तुंगवाडीतल्या मारुतीच्या देवळापासून निघते, दरवाजे ओलांडून गणपतीच्या देवळाशी येते, तिथे पाण्याचं तळं आहे. शेवटची चढण खडी आणि पावसात निसरडी. माथ्यावर तुंगाई देवीचं लहानसं देऊळ. पिण्याचं पाणी खालूनच भरून न्यावं. लोणावळ्याहून स्वतःचं वाहन असलेलं बरं. एसटीने यायचं तर कामशेतहून पवनानगर गाठावं, म्हणजे तिकोन्याची बाजू जवळ पडते. समोरचा लोहगड २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तिकडे रविवारी पाय ठेवायला जागा नसते. तुंगवर अजून आहे.