कोलकात्याचे बिनपगारी इंजिनीयर

शहरालगतची पाणथळ जमीन आमच्या कारभाऱ्यांस ‘पडीक’ दिसते व तीवर भराव घालण्याची त्यांस घाई होते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने आपली बुजविलेली जागा कशी परत मागितली, हे मुंबईकर विसरले नसतील. अशी जमीन राखली तर ती किती काम करते, हे पाहावयाचे असल्यास कोलकात्याच्या पूर्वेस जावे.

त्या शहराचा स्वाभाविक उतार हुगळीकडे नसून पूर्वेकडे आहे. त्या दिशेस सुमारे 12,500 हेक्टरांचा पाणथळ प्रदेश असून, कालव्यांतून आलेले सांडपाणी तेथील मच्छीमार ‘भेरी’ नामक उथळ तळ्यांत घेतात. सूक्ष्म जंतू मैला कुजवितात, उन्हात वाढणारे शेवाळ पाण्यास प्राणवायू पुरविते, शेवाळ मासे खातात आणि मासे शहर खाते! लाटांनी बांध ढासळू नये म्हणून कडेने जलपर्णी राखावी, पाण्याचा रंग व वास पाहून सांडपाणी किती घ्यावे ते ठरवावे, ही विद्या हे लोक कोणत्याही कॉलेजात शिकलेले नाहीत. ध्रुवज्योती घोष या सरकारी इंजिनीयरांनी ती त्यांच्यापासून समजून घेऊन जगापुढे मांडली, हा त्यांचा मोठेपणा होय.

मैल्यावरची मासळी म्हणून कोणी नाक मुरडील. कारखान्यांचे विषारी पाणी त्यात मिसळते ही भीती खरी आहे. पण तो अपराध मच्छीमारांचा नव्हे, कारखानदारांचा व त्यांस मोकळे सोडणारांचा आहे.

1992 साली एका नागरिक-संस्थेच्या अर्जावरून कलकत्ता हायकोर्टाने येथे भराव घालण्यास मनाई केली. 2002 साली रामसर करारान्वये या प्रदेशास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. 2006 साली स्वतंत्र कायदा झाला. तरीही अतिक्रमण थांबलेले नाही. आम्ही कायद्याचेच विद्यार्थी आहो, म्हणून हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही की, हुकूमनामा भराव अडवू शकतो, तळे भरू शकत नाही. सांडपाणी पुरेसे मिळत नाही, ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. आणि भेरी कोरडी पडली की ती जमीन घेणाराच्या डोळ्यांत भरते, हे सांगावयास वकील नको. ज्यांचे पोट या पाण्यावर आहे तेच त्याचे खरे राखणदार. तेव्हा कालव्यांचे दरवाजे केव्हा व किती उघडावयाचे, हे ठरविणाऱ्या मंडळीत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांस मताधिकार मिळालाच पाहिजे. केवळ सल्ला विचारून भागणार नाही.