ईपीएबीएक्सचं पत्र कुठं अडतं?

ऑफिस बंद झाल्यावर कुणीतरी फोन करतं, निरोप ठेवतं, आणि थोड्याच वेळात तो निरोप साहेबांच्या मोबाइलवर ईमेल म्हणून हजर! हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याकडे लक्ष जातं ते थेट बंद पडल्यावर. फोन लागतायत, इंटरकॉम वाजतोय, निरोपही साठतायत. फक्त ईमेल निघत नाही. असं का व्हावं?

आधी आवाज पत्रात शिरतो कसा ते बघा. ऑफिसच्या फोनची यंत्रणा, म्हणजे ईपीएबीएक्स, आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजते. दर मापाला दोन बाइट धरले, तर मिनिटभराच्या बोलण्याचे होतात ९ लाख ६० हजार बाइट. पण ईमेल जन्मला तो फक्त अक्षरं वाहायला! मग दर तीन बाइटांची चार अक्षरं करतात. म्हणजे तुमचं बोलणं, खोकणं, मधला उसासा, सगळ्याचं मिळून १२ लाख ८० हजार अक्षरांचं पत्र होतं.

हे पत्र फोनची यंत्रणा स्वतः पोचवत नाही. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली सुरू केलेलं ‘ॲस्टरिस्क’ हे सॉफ्टवेअर घ्या. असंख्य ऑफिसांचे फोन त्यावर चालतात. ते पत्र तयार करून त्याच संगणकावरच्या मेल प्रोग्रामच्या हवाली करतं आणि आपल्या कामाला लागतं. तो प्रोग्राम दूरच्या मेल सर्व्हरला गाठतो, आणि दोघांत चक्क संभाषण होतं. ‘हेलो, मी अमुक.’ ‘ह्यांच्याकडून पत्र आहे.’ ‘त्यांच्यासाठी आहे.’ ‘घे मजकूर.’ मजकूर संपला हे सांगायला एका ओळीत एकटंच टिंब! जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढलेल्या या रीतीचा गाभा आजही तोच आहे.

दर वाक्याला समोरून तीन आकडी उत्तर येतं. २ने सुरू झालं तर मान्य, ४ने तर ‘आत्ता नाही, नंतर या’, ५ने तर साफ नकार. आणि आकड्यापुढे बहुधा कारणही, माणसाला वाचता येईल अशा शब्दांत! यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यात माणसासाठी जागा ठेवणाऱ्यांना सलाम. म्हणून सेटिंग्जशी झटापट करण्याआधी मेल प्रोग्रामची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडावा.

लॉगमध्ये नोंदच नाही? मग त्या एक्स्टेन्शनपुढे ईमेलचा पत्ता भरलाय का पाहा. नोंद आहे, पण समोरून उत्तरच नाही? बहुधा २५ क्रमांकाचं पोर्ट बंद आहे. व्हायरसने पछाडलेले संगणक तिथूनच स्पॅम ओतायचे, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या ते अडवतात. मग ५८७ची वाट धरायची, नाव आणि पासवर्ड सांगून. तिथं ५३५ आलं, तर पासवर्ड नाकारला गेला.

५५० मात्र सावकाश वाचावं. पत्ता चुकलेला असेल, किंवा पाठवणाऱ्यावरच विश्वास नसेल. जुन्या रीतीत पाठवणाऱ्याचं नाव कुणी पडताळत नसे. लिफाफ्यावर ‘प्रेषक : जिल्हाधिकारी’ कुणीही लिहावं आणि पोस्टाने निमूट पोचवावं, तसं. आता ‘एसपीएफ’ नावाच्या नोंदीत बरीच डोमेन जाहीर करतात, की आमची पत्रं या या यंत्रांवरूनच निघतील. त्या यादीत ऑफिसच्या फोनची पेटी घालायचं कुणाच्या लक्षात असतं?

मला सगळ्यांत थक्क करतं ते या पेटीतलं घड्याळ. समोरच्या सर्व्हरच्या ओळखपत्रावर मुदतीच्या तारखा असतात. फोनच्या पेटीतला बटणाएवढा सेल संपला, वीज गेली, आणि परत आल्यावर पेटीला वाटलं की आपण काही वर्षं मागे आहोत. मग तिच्या लेखी ते ओळखपत्र अजून लागूच झालेलं नाही! ती बोलायलाच तयार होत नाही.

४चं उत्तर मिळालेली पत्रं मात्र लगेच हरवत नाहीत. ती रांगेत थांबतात, पुन्हा पुन्हा पाठवली जातात. ‘पोस्टफिक्स’ हा मेल प्रोग्राम मुळात पाच दिवस धीर धरतो, मग पत्र परत करतो. तेवढ्यात बिघाड सापडला, तर अडलेले निरोप एकामागोमाग एक बाहेर पडतात. पण काही ऑफिसांत ईमेल पाठवताच मूळ निरोप पुसायची सोय चालू केलेली असते. मग पाच दिवसांनी परत आलेलं पत्र त्याच पेटीतल्या, कुणी न उघडणाऱ्या खात्यात पडून राहतं. तेव्हा ईमेल अडल्याचं कळताच पहिल्यांदा ती सोय बंद करा, आणि मग लॉग उघडा.